पाऊण तासाच्या रस्त्याला दिवसभराचं विमान

ही मार्गदर्शिका वैमानिकांसाठी नाही. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या हवाई खात्याने, म्हणजे एफएएने, जाडजूड पुस्तकं काढून ठेवली आहेत आणि ती फुकट वाचता येतात. उजव्या सीटवर बसणाऱ्याला मात्र कोणी वाली नाही. त्याच्या वाट्याला येतो फक्त एक फोन: "शनिवारी काय करतोयस? चल, हाफ मून बेला जेवून येऊ. विमानाने."

चाळिशी उलटली की सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या आपल्या मंडळींपैकी काही जण मॅरेथॉन पळू लागतात, काही जण मंडळाच्या एकांकिकेत शिरतात. एखादा विमान शिकतो. शिकेपर्यंत कोणाला पत्ता लागू देत नाही. मग एक दिवस त्याच्या गाडीच्या डिकीत दोन हेडसेट दिसतात. एक त्याचा असतो. दुसरा अजून कोणाचाच नसतो. तो दुसरा हेडसेट नजरेला पडला की समजावं, आपला नंबर लागला.

आधी सहलीचा आवाका समजून घ्या. पालो अल्टोहून हाफ मून बेला गाडीने जायला पाऊण तास लागतो. विमान हवेत राहतं पंधरा-वीस मिनिटं. तरी सकाळी आठला घर सोडलेला माणूस दुपारी चारच्या आधी परतत नाही. लहान विमानवाल्यांमध्ये या प्रकाराला शंभर डॉलरचा हॅम्बर्गर म्हणतात. हा आकडा जुना आहे. आता तेवढ्यात हॅम्बर्गर येतो, विमान येत नाही. वर्षातून एकदाच, ऑक्टोबरात, विमान खरोखर आधी पोचतं. १९७१ पासून तिथे भोपळ्यांची जत्रा भरते, अजस्र भोपळे वजनकाट्यावर चढतात आणि ते बघायला निघालेल्या गाड्या हायवे ९२ वर तासन्‌तास मुंगीच्या पावलाने सरकतात. एरवी वेळ वाचेल या आशेने कोणी विमानात बसू नये.

नवशिक्याची अडचण विमानाची नसतेच, वळणाची असते. वजन विचारलं तर दोन कमी सांगावं, पोटात ढवळलं तरी "छे, काही नाही" म्हणावं, यजमानाच्या बेताला मोडता घालू नये, बिल दिसलं की झडप घालावी, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, दुधाबरोबर पोटात गेलेलं असतं. ही सगळी भीड विमानतळाच्या कुंपणाबाहेर ठेवून आत जायचं आहे. पुढचा सगळा मजकूर त्याचा सराव समजावा.

मित्र पारखून घेणे

"तुझ्याकडे लायसन्स आहे ना रे?" असं विचारण्यात काही वावगं नाही. खासगी लायसन्सला किमान ४० तास उडावं लागतं आणि बहुतेकांना त्याहून बरेच जास्त लागतात. पण त्याहून नेमका प्रश्न असा: "गेल्या तीन महिन्यांत किती वेळा उतरवलंस?" ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली नसतील, तर त्याला एकट्याने हवं तिथे जाता येतं, प्रवासी नेता येत नाही. हा प्रश्न ऐकून मित्र दुखावेल असं वाटतं. उलट तो खूश होतो. इतक्या दिवसांत त्याला नियमाचं कोणीतरी पहिल्यांदाच विचारलेलं असतं, आणि मग उत्तर दहा मिनिटं चालतं.

दुसरी कसोटी: शेवटची सहल त्याने कधी रद्द केली? "आपण कधी रद्द करत नाही" असं छाती फुगवून सांगणाऱ्याबरोबर गाडीने जावं. "मागच्याच आठवड्यात. इंजिन सुरू केलं होतं, जरा खरखर वाटली, बंद केलं, घरी आलो," असं ओशाळून सांगणाऱ्याबरोबर डोळे मिटून बसावं.

कॉलेजात असताना लुनावर तिघांना घेऊन सिंहगडाकडे निघणारा हाच प्राणी. आता बघा त्याला. हातात छापील कार्ड, बोट एकेका ओळीवर, आणि मध्येच कोणी बोललं तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे घरी निघताना गॅस बंद केला का, हे मात्र तो अजूनही बघत नाही.

वजन

शुक्रवारी रात्री मेसेज येतो. कसा आहेस नाही, जेवलास का नाही. "वजन किती?" एवढंच.

इथे पहिली परीक्षा. बोटं आपोआप १७० पाउंड टाइप करतात. डॉक्टरांच्या काट्यावर १८४ आलेलं असतं, ते बूट घालून होतं अशी आपण मनाची समजूत घातलेली असते. खरं लिहा, आणि बुटांसकट लिहा, कारण विमानातही तुम्ही बूट घालूनच बसणार आहात.

हा हिशेब एकदा नीट बघितला की लाज आपोआप जाते. बहुतेक क्लबांत मिळणारं विमान म्हणजे सेसना १७२. हे १९५६ पासून बनतंय, ४४,००० हून जास्त बनली, दुसरं कुठलंच विमान जगात इतकं बनलेलं नाही. त्याचं एस मॉडेल माणसं, सामान, पेट्रोल धरून २,५५० पाउंडांच्या वर जाता कामा नये, म्हणजे साधारण ११५७ किलो. रिकामं विमानच १,६८० पाउंडांच्या आसपास भरतं. राहिले ८७०. टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येण्याजोगं ५३ गॅलन पेट्रोल, गॅलनला सहा पाउंड, म्हणजे ३१८ तिकडे गेले. तुमच्या-माझ्यासाठी उरले साडेपाचशे, म्हणजे अडीचशे किलो. सीट चार आहेत, पण खात्यापित्या घरची चार माणसं बसवायची तर टाकी अर्धी ठेवावी लागते. शिवाय नुसतं वजन किती यावर भागत नाही, ते कुठे आहे हेही बघावं लागतं. शेपटीकडे भार जास्त झाला तर विमानाचं नाक वर जायला बघतं आणि मग ते आवरणं कठीण होतं. मागचा सामानाचा कप्पा १२० पाउंडांचा, त्यात डबा, पाण्याच्या बाटल्या, जाकिटं आणि वहिनींनी "वाटेत लागेल" म्हणून दिलेला लाडवांचा डबा. लाडवांचंही वजन कळवावं. मित्र हसणार नाही, तक्त्यात लिहून घेईल.

मागच्या दोन सीटबद्दल एक सूचना, आणि ती पाळलीत तर मला दुवा द्याल: त्या आहेत हे कोणाला सांगू नका. पुण्याहून सहा महिन्यांसाठी कोणाचे तरी सासू-सासरे आलेले असतातच. "आम्ही काय, मागे कोपऱ्यात बसू, आमची काही अडचण नाही," असं म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं, की काकूंना वजन विचारायची पाळी तुमच्यावर येते.

आईला कधी सांगायचं

उतरल्यावर. आधीच बातमी फुटली असेल तर जेआरडींचा दाखला द्यावा. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले, ते विमानही लहानसंच होतं आणि इंजिनही एकच होतं. त्यावर आई म्हणेल, "ते टाटा होते." याला उत्तर नाही. फोन ठेवावा.

धुकं

शनिवारी सकाळी आठ वाजता पालो अल्टोला लख्ख ऊन असतं. तुम्ही गॉगल लावून, टोपी घालून हजर. मित्र क्लबच्या सोफ्यावर आयपॅडमध्ये डोकं खुपसून बसलेला. फोरफ्लाइट हे वैमानिकांचं ॲप उघडलेलं, हाफ मून बेच्या नावापुढे लाल ठिपका, म्हणजे तिकडे धुकं.

हे बे एरियाचं खास दुखणं आहे. उन्हाळ्यात वाऱ्यामुळे किनाऱ्याजवळचं खोल, गार पाणी वर येतं. त्यावरून वाहणारी दमट हवा थंड होते, तिचं धुकं होतं. आतलं खोरं तापलेलं असल्याने ते या हवेला आपल्याकडे ओढतं, पण मधले डोंगर तिला अडवून धरतात. म्हणून डोंगराच्या अलीकडे टी-शर्ट आणि पलीकडे स्वेटर. तापमान आणि दवबिंदू यांच्यात दोनेक अंशांचाच फरक राहिला की धुकं हटत नाही, हे मित्र तुम्हाला समजावून सांगेल. तुम्ही मान डोलवा. जमिनीपासून सहाशे फुटांवर ढगांचं छत असताना डोळ्यांनी बघत विमान उडवणाऱ्याला तिथे काम नसतं. धुकं अकरापर्यंत विरतं. कधी बारापर्यंत. कधी विरतच नाही.

या वेळात काय करायचं? मशीनची कॉफी प्यायची. भिंतीवरचा नकाशा बघायचा. जुनी मासिकं चाळायची. काय करायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. "अरे, थोडंसंच तर आहे, जाऊ की!" हे वाक्य उच्चारायचं नाही. "मी मुलाची फुटबॉल मॅच सोडून आलोय" हे तर अजिबात नाही. "आता एवढं आलोच आहोत तर" या आपल्या लाडक्या वाक्याने जगभरात कितीतरी विमानं डोंगरात गेली आहेत; वैमानिकांनी त्या वृत्तीला आजाराचं नाव दिलंय, गेट-देअर-आयटिस. प्रवाशाचा हिरमुसलेला चेहरा हाही एक दबाव असतो. म्हणून मित्राने "आज नको" म्हटलं तर चेहऱ्यावर आनंद आणता आला पाहिजे. घरी आरशासमोर सराव करावा.

प्रदक्षिणा

धुकं हटलं. आता लगेच निघायचं? नाही. आता मित्र विमानाभोवती फिरणार. पंखाचे हलणारे भाग हलवून बघेल, टायर दाबेल, तेलाची पट्टी काढून पुसेल, पुन्हा बुडवेल. पुढच्या चाकाला अडकवलेला ओढायचा दांडा काढून ठेवेल. तो काढायचा राहिलाय असं दिसलं तर भीड न धरता ओरडा. विमान मागे ढकलायला हात लावायचा तर मित्र सांगेल तिथेच, पंखाखालच्या तिरप्या दांड्याच्या मुळाशी. पंख्याला हात लावायचा नाही. 'नो स्टेप' लिहिलंय तिथे पाय ठेवायचा नाही, हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं.

या फेरीतला एक भाग जवळ उभं राहून बघण्यासारखा आहे. मित्र एक पारदर्शक पेला घेतो आणि पंखाखालच्या लहानशा झडपेत खुपसतो. दोन बोटं पेट्रोल खाली येतं. विमानाचं हे १०० एलएल पेट्रोल फिकट निळं रंगवलेलं असतं. तो पेला आकाशाकडे धरून बघतो. रंग निळाच आहे ना? म्हणजे चुकीचं इंधन भरलेलं नाही. तळाशी पाण्याचा थेंब आहे का? पाणी जड, त्यामुळे ते खाली बसतं आणि निळ्याखाली एक स्वच्छ गोल बुडबुडा थरथरताना दिसतो. तो इंजिनात गेला तर इंजिन बंद पडतं. थेंब दिसला तर ते पेट्रोल काढून पुन्हा बघायचं, तो दिसेनासा होईपर्यंत. एस मॉडेलला अशा झडपा तेरा आहेत: दोन्ही पंखांखाली पाच-पाच, पोटाखाली तीन. तेराव्या पेल्यापर्यंत तुमची उत्सुकता ओसरलेली असते, मित्राची नसते. या पेट्रोलात अजून शिसं असतं, तेव्हा हात धुतल्याशिवाय लाडवांना शिवू नये.

सेसनाचे पंख डोक्यावर असतात, बरोबर कपाळाच्या उंचीवर. त्यांची मागची कडा पातळ आणि धारदार. बोलता बोलता वळलात की ठण्ण. कपाळावर शंकरपाळीच्या आकाराची खूण उमटते आणि ती तीन-चार दिवस टिकते. तिथला प्रत्येक जण ती ओळखतो. या खुणेनंतर क्लबात तुम्हाला कोणी नवखं समजत नाही.

आत

केबिन जेमतेम मीटरभर रुंद. खांद्याला खांदा लागणार, त्याला इलाज नाही. सीट पुढे सरकवून खटकन लॉक झाली का, हे दोन्ही हातांनी हलवून तपासा. लॉक न झालेली सीट उड्डाणाच्या वेळी रुळावरून मागे घसरते, आणि घसरणारा माणूस हाताला येईल ते धरतो. हाताला येतं ते समोरचं स्टिअरिंग. तुमच्यासमोरही एक आहे आणि ते मित्राच्या स्टिअरिंगला जोडलेलं आहे, हे ध्यानात असू द्या. पायाशी पेडल आहेत, तीही जोडलेली. पाय मागे घ्या.

हेडसेट. मित्राचा नवा, आवाज गिळणारा. तुमचा हिरवा, जुना डेव्हिड क्लार्क, दोन्ही कानशिलांना दाबून धरणारा. तक्रार करू नका. त्यातून मित्राचा आवाज स्वच्छ येतो, कंट्रोल टॉवरचाही येतो. मित्राने बोट वर केलं की गप्प बसायचं. धावपट्टीकडे जाताना, उडताना, उतरताना गप्पच बसायचं, मग तुम्हाला कितीही महत्त्वाचं आठवो.

स्टिअरिंगच्या मुठीवर एक छोटं बटण आहे. ते दाबलं की तुमचं बोलणं रेडिओवर जातं. नवशिका नेमका तिथेच हात टेकवून बसतो. मग "अरे, तुझ्या त्या मॅनेजरने प्रमोशनचं काय केलं?" हा प्रश्न पालो अल्टो टॉवरला, टॉवरशी बोलू पाहणाऱ्या प्रत्येक विमानाला आणि धावपट्टीवर उतरायच्या बेतात असलेल्या शिकाऊ वैमानिकाला ऐकू जातो. एवढंच नाही, जोवर बटण दाबलेलं आहे तोवर त्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या कोणाला बोलताच येत नाही. आणि त्या फ्रिक्वेन्सीवर, हा सिलिकॉन व्हॅलीचा भाग असल्यामुळे, एखादा तरी मराठी माणूस असतोच. तोही त्याच मॅनेजरच्या हाताखाली असू शकतो.

धावपट्टीच्या तोंडाशी विमान थांबतं आणि मित्र इंजिन वाढवून किल्ली एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवतो. प्रत्येक वेळी इंजिनचा आवाज किंचित बसतो. घाबरू नका. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात, त्यांना ठिणगी पुरवायला दोन वेगळे मॅग्नेटो. एक बंद करून दुसरा एकट्याने चालतो का हे तो बघतोय. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, त्यामुळे विमानातले सगळे दिवे गेले तरी इंजिन चालू राहतं. इंजिनच बंद पडलं तर? तरी विमान खाली कोसळत नाही, तरंगत उतरतं. दर हजार फूट उंचीमागे साधारण अडीच किलोमीटर. ही माहिती जमिनीवर असताना विचारून घ्यावी, वर गेल्यावर विचारली तर मित्राला उगाच शंका येते.

वर

पालो अल्टोची धावपट्टी २,४४३ फुटांची, म्हणजे पाऊण किलोमीटरला थोडी कमी, आणि पलीकडे दलदल आणि खाडी. ती संपेल की काय असं वाटेपर्यंत विमान उचललेलं असतं.

पहिली पाच मिनिटं फोटो काढू नका. बघा. उजव्या खिडकीखाली खाडीतल्या मिठागरांचे चौकोन, कुठे हिरवे, कुठे विटकरी. खारटपणा वाढत जातो तसे त्यात वेगवेगळे सूक्ष्मजीव वाढतात आणि रंग बदलतो. मागे मॉफेट विमानतळाचं हँगर वन, १९३० च्या दशकात नौदलाची मेकन ही अवाढव्य वायुनौका ठेवायला बांधलेलं. मेकन १९३५ मध्ये समुद्रात गेली, हँगर उरलं. स्टॅनफर्डचा हूवर टॉवर जातो आणि मग अचानक टेकड्यांतून एक सरळसोट रेघ दिसते, तीन किलोमीटरची, हायवे २८० च्या खालून आरपार गेलेली. तो स्लॅक प्रयोगशाळेचा कणवेगवर्धक. रोज त्या हायवेवरून ऑफिसला जाणाऱ्याला पत्ता नसतो की आपल्या चाकांखालून इलेक्ट्रॉन धावताहेत. पुढे डोंगराच्या कुशीत क्रिस्टल स्प्रिंग्जचे लांबट तलाव. ते इतके सरळ रांगेत का? कारण ते सॅन अँड्रियास भूभ्रंशाच्याच खाचेत साचलेले आहेत. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी याच रेघेच्या आसपास तीस वर्षांचं कर्ज काढून घरं घेतली आहेत. वरून बघताना हा विचार मनात आला तर येऊ द्या, मित्राला बोलून दाखवू नका. त्याचंही घर तिथेच आहे.

तुम्हाला वर एक काम असतं, आणि ते खरं काम असतं: बाकीची विमानं शोधणं. टॉवर सांगतो, "ट्रॅफिक, टू ओ'क्लॉक." विमानाचं नाक बारावर धरायचं आणि दोनच्या दिशेने बघायचं. घड्याळ बघायचं नाही. दिसलं तर "दिसलं" म्हणा, नाही दिसलं तर "नाही दिसलं." "तेच असेल बहुतेक" हे उत्तर आपल्याकडे चालतं, इथे चालत नाही.

डोंगरमाथ्यावर वारा आदळून वर-खाली होतो आणि विमान थोडं उडतं, थोडं बसतं. पोटात ढवळायला लागलं तर तेव्हाच सांगा. पंखाच्या मुळाशी, डोक्याजवळ एक गोल नळी आहे, ती बाहेर ओढली की गार वारा तोंडावर येतो. नजर क्षितिजावर ठेवा, फोनवर नको. खिशात आलेपाकाची वडी असू द्या. "काही नाही, बरा आहे" असं म्हणत राहिलात तर मित्राला तुमचा खरा अहवाल त्याच्या मांडीवर मिळेल.

खाली

हाफ मून बेचा विमानतळ १९४२ मध्ये लष्करासाठी बांधला, १९४७ पासून तो काउंटीकडे आहे. धावपट्टी ५,००० फूट, पालो अल्टोच्या दुप्पट, समुद्राला लागून. टॉवर नाही. आपण कुठे आहोत हे प्रत्येक वैमानिक रेडिओवर स्वतःच सांगत येतो आणि बाकीचे ऐकून घेतात. मराठी सभांमध्ये हे जमेल असं मला वाटत नाही.

उतरताना एक गोष्ट आधी माहीत असावी. जमीन अगदी जवळ आली, मित्राने इंजिन कमी केलं, नाक हळूच वर उचललं, की डाव्या पंखाकडून एक किनरा सूर निघतो आणि तो वाढत जातो. नवशिका दचकून मित्राकडे बघतो. मित्राच्या चेहऱ्यावर समाधान असतं. हा स्टॉल हॉर्न. पंखांना आता फार वेळ उचलून धरता येणार नाही, असं तो सांगत असतो. हजार फुटांवर तो वाजला तर काळजी करायची. चाकं टेकण्याच्या क्षणी वाजला तर मित्राचं लँडिंग उत्तम झालं, आणि इंजिन बंद झाल्यावर तेवढं एक वाक्य बोला. तो बाकी दिवसभर तुमच्याशी प्रेमाने वागेल.

विमान साखळ्यांनी बांधायचं, आणि दहा-पंधरा मिनिटं चालत प्रिन्स्टनच्या बंदरावर. क्लॅम चाउडर, तळलेला मासा, डंजनेस खेकडा. शाकाहाऱ्यांनी बटाट्यावर निभावण्याची तयारी ठेवावी. मित्राला बिअर घेता येत नाही. उडण्याआधी आठ तास वर्ज्य. म्हणून तुम्हीही घेऊ नये, हा नियम नाही, माणुसकी आहे.

हंगाम असेल तर बोटीवरूनच जिवंत खेकडे मिळतात. हंगाम खरं म्हणजे नोव्हेंबरात सुरू व्हायचा, पण पिंजऱ्यांच्या दोरांत व्हेल अडकतात म्हणून अलीकडे तारीख पुढे ढकलली जाते. कोकणातल्या माणसाचे पाय तिथे आपोआप थांबतात. घ्या, पण झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात घ्या, वजन मित्राला सांगा, आणि डबा मागच्या कप्प्यात जाळीखाली बांधा. तीन हजार फुटांवर खेकडा पेडलकडे निघाला तर काय करायचं, हे कुठल्याच छापील कार्डावर नाही.

जेवण झाल्यावर "जरा समुद्रावर चक्कर मारून येऊ" हे म्हणायचं नाही. धुकं दुपारनंतर परत येतं. आलं तर विमान तिथेच बांधून टॅक्सीने घरी जायचं. पाऊण तासात घरी पोचता, आणि दुसऱ्या दिवशी विमान आणायला जाणाऱ्या मित्राला पुन्हा कोणीतरी गाडीने सोडावं लागतं. त्या 'कोणीतरी'चा फोन तुमच्याच घरी वाजतो.

बिल

इंजिन चालू असेपर्यंत हॉब्स मीटर फिरत असतं, तासाच्या दहाव्या भागात. म्हणजे दर सहा मिनिटांना एक घर. जमिनीवर रांगेत थांबलात तरी फिरतं. भाडं क्लबाक्लबात वेगळं, पेट्रोल धरून तासाला दोनशे डॉलरच्या आसपास. पालो अल्टोला परतल्यावर मित्र आकडा लिहून घेतो आणि इथे आपले हात शिवशिवू लागतात. "अरे, मी देतो सगळं. तू एवढं नेलंस, आणलंस."

थांबा. खासगी वैमानिकाने प्रवाशांबरोबरच्या उड्डाणाच्या खर्चात आपल्या वाट्यापेक्षा कमी देता कामा नये, असा एफएएचा नियम आहे. खर्च म्हणजे इंधन, तेल, विमानतळाचे आकार आणि भाडं. दोघं असाल तर निम्मं त्याचं, म्हणजे तुम्ही जास्तीत जास्त निम्मंच देऊ शकता. तुम्ही सगळं भरलंत, की ती पैसे घेऊन केलेली वाहतूक होते आणि त्याचं लायसन्स धोक्यात येतं. "राहू दे रे" आणि "अरे नाही, मीच" या आपल्या पिढीजात कुस्तीचा निकाल परस्पर लावणारा कायदा जगात बहुधा हा एकच असेल. मला तो फार आवडतो. मित्राच्या बायकोलाही आवडतो, कारण आधी तो सगळंच स्वतः भरायचा.

पैसे झाले. आता काचेवर चिकटलेले किडे पुसायचे. कागदी रुमालाने नाही, प्लॅस्टिकच्या काचेवर ओरखडे पडतात. मऊ फडक्याने, वरून खाली. हे काम प्रवाशाचं.

फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर समोरून काढलेला टाका. बाजूच्या फोटोत मागच्या दोन सीट दिसतात.